गेकोसाठी बहुमजली टेरेरियम: काय टिकलं, काय ढासळलं

पाळीव गेकोसाठी (पालीच्या जातीचा प्राणी) नैसर्गिक वाटेल असं दोन-तीन मजल्यांचं टेरेरियम, म्हणजे माती-झाडांची काचेची पेटी, ज्यांनी स्वतः बांधलंय, त्यांनी इथे लिहावं. जात, पेटीचं माप, साहित्य, वाळायला किती वेळ दिला आणि नेमकं कुठे फसलं, एवढं आलं की पुरे. पहिल्या दिवशीच्या फोटोत सगळंच छान दिसतं, म्हणून टिकण्याबद्दल जास्त लिहा.

*

क्रेस्टेड गेको (भिंतीवर, फांद्यांवर चढणारा), पेटी ४५×४५×६० सेंमी, दार समोरून. मागची भिंत पीयू फोमची, म्हणजे डब्यातून मारायच्या, फुगणाऱ्या फोमची.

फोम मारताना पेटी पाठीवर आडवी करायची. नुसता फोम काचेला पक्का धरत नाही, काही महिन्यांनी अख्खी भिंत सुटून पुढे येते. म्हणून आधी काचेवर सिलिकॉनच्या नागमोडी रेघा ओढायच्या, त्यात कॉर्कच्या सालीचे तुकडे दाबून बसवायचे, २४ तास हात लावायचा नाही, आणि मग मधल्या जागेत फोम. एका वेळी ३-४ सेंमीच. फोम ओलाव्याने घट्ट होतो. जाड थर मारला की वरून कवच धरतं, आत ओलावा पोचत नाही आणि चिकट लगदा राहतो. दोन थरांमध्ये पाण्याचा हलका फवारा द्या. दाराच्या बाजूने भरपूर जागा सोडा, कारण फुगताना तो कुणाचं ऐकत नाही.

४८ तासांनी सुरीने कोरायचं. वरची गुळगुळीत कातडी पूर्ण काढली नाही तर सिलिकॉन नीट पकडत नाही. सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध आणि बुरशीनाशक न घातलेलं घ्या. ते कोरलेल्या फोमवर एका वेळी दोन तळहातांएवढ्या भागावरच लावायचं आणि लगेच त्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबायचं. १०-१५ मिनिटांत त्यावर साय धरते, मग कोकोपीट कितीही दाबा, दुसऱ्या दिवशी पेटी उभी केली की भुरभुर खाली येतं आणि भिंतीला टक्कल पडतं. कोकोपीट अगदी कोरडं हवं. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत आत प्राणी नाही. याला आठवडाभर किंवा जास्तही लागतो.

*

वरचं सगळं चढणाऱ्या गेकोसाठी बरोबर आहे. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे त्याला भिंत नको, उतरण हवी. पेटी ९०×४५×४५ सेंमी. मजले एक्सपीएस फोमशीटचे (कडक थर्माकोलसारख्या), वर टाइल्सचं ग्राउट (फटी भरायचं सिमेंट). फळीची रुंदी किमान १०-१२ सेंमी, उतार ३० अंशांच्या आसपास, पृष्ठभाग खरबरीत. सगळ्यात वरची फळी मातीपासून २०-२५ सेंमीच्या वर नेऊ नका आणि तिच्याखाली दगड ठेवू नका, कारण हा प्राणी पडतोच.

ग्राउटचे तीन हात. पहिला रंगासारखा पातळ, म्हणजे छिद्रांत शिरतो. दुसरा दाट. तिसऱ्यात बारीक वाळू. प्रत्येक हात २४ तास वाळू द्यायचा. घाई केली की जाड थराला केसासारख्या भेगा जातात, खाद्य म्हणून सोडलेले रातकिडे तिथून फोम कुरतडायला लागतात आणि पांढरा भुसा मातीत दिसतो. ग्राउट अल्कधर्मी असतं, म्हणून शेवटी चार-पाच वेळा पाण्याने धुऊन काढा.

खरा दगड वापरणार असाल तर तो थेट पेटीच्या तळावर टेकवा, माती नंतर भरा. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली लेपर्ड उकरत जातो आणि दगड त्याच्यावर बसतो. यात दुसरं मत नाही.

*

उष्णतेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. सपाट पेटीत गरम बाजू आणि थंड बाजू असा एकच हिशेब असतो. मजले आले की वरचा प्रत्येक टप्पा छतावरच्या उष्णतेच्या दिव्याच्या जवळ जातो. खाली ३२ अंश दाखवणारा दिवा वरच्या फळीवर चाळिशीला टेकू शकतो. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं तारेचं टोक) मातीत पुरून उपयोग नाही. गेको पोचू शकेल अशा सगळ्यात गरम जागी तो पक्का बांधा. लेपर्डला तिथल्या पृष्ठभागावर ३२ ते ३५ अंश आणि थंड टोकाला २४-२६ पुरतात. क्रेस्टेडचं उलटं: २२ ते २६ अंशांत तो मजेत असतो, २८ च्या वर फार वेळ गेला की ताण येतो. त्याच्या पेटीत वरचा मजला तापतोय का, हेच आधी बघा.

यूव्हीबीचंही (अतिनील किरणांच्या दिव्याचंही) तसंच. दोघांनाही वरच्या फळीवर यूव्ही निर्देशांक ०.७ च्या आसपास पुरतो, आणि प्रत्येक मजल्यावर पूर्ण सावलीची एक जागा हवीच.

*

एकच नियम: भिंतीतल्या किंवा मजल्यांमधल्या भोकात एकतर हात गेला पाहिजे, नाहीतर काहीच जाता कामा नये. मधल्या मापाच्या भोकात रातकिडे राहतात आणि आजारी गेको नेमका तिथेच जाऊन बसतो.

*

तळाबद्दल. भाजलेल्या मातीच्या गोळ्या ४-५ सेंमी, त्यावर फायबरग्लासची डासांची जाळी, त्यावर ७-८ सेंमी माती, वर वाळलेली पानं. जाळी कडेला काचेवर २-३ सेंमी वर वळवा, नाहीतर माती कडेकडेने खाली झिरपते. मागच्या कोपऱ्यात एक उभी नळी आधीच सोडा. साचलेलं पाणी तिच्यातून पिचकारीने ओढता येतं. ही नळी न ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पाणी जाळीपर्यंत चढलं की माती सडते आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

झाडं: मनी प्लांट, स्नेक प्लांट, ब्रोमेलियाड. मुळांची कुंडीतली माती आणि त्यातले पर्लाइटचे पांढरे दाणे पूर्ण धुऊन काढा, पानं धुवा, महिनाभर वेगळं ठेवा. कीटकनाशक पानांवर राहिलेलं असतं. स्प्रिंगटेल आणि बुटके पांढरे आयसोपॉड (दोन्ही मातीतली घाण खाणारे बारीक जीव) आधी सोडा, गेको शेवटी. ही ओल्या पेटीची कृती आहे. लेपर्डला निचऱ्याचा थर लागत नाही, त्याला ओल्या स्फॅग्नम मॉसची (शेवाळाची), आत शिरायला भोक असलेली एक डबी पुरते.

*

क्रेस्टेडच्या फांद्या त्याच्या अंगाएवढ्या जाड हव्यात, काही आडव्या, काही तिरक्या. उडी मारून तो फांदीच्या टोकावर उतरतो, म्हणून बोटाने टोक खाली दाबून बघा. जरा जरी फिरली तर ती सुटणार. खाण्याची वाटी वरच्या अर्ध्या भागात, पानांच्या आडोशाला. जमिनीवरच्या वाटीकडे बरेच गेको फिरकत नाहीत.

आर्द्रतामापक दोन लावा, वर आणि खाली. फवारा संध्याकाळी, ८० टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ५० च्या आसपास उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर पाणी कमी करण्याआधी हवा बघा: दाराखालची हवेची फट मातीने बुजलेली असते. सतत कोरडं राहिलं तर कात बोटांच्या टोकांना अडकते.

रिकामी पेटी तीन-चार आठवडे चालवा आणि तिन्ही मजल्यांचे सकाळ-रात्रीचे आकडे लिहून ठेवा. कॉर्कवर पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी बुरशी येतेच. पुसू नका, स्प्रिंगटेल ती खातात.