दूध-दही सोडलं आणि धावायला लागले: तुमचेही अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात अंडी-मांस कधीच नव्हतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी दूध, दही, तूप, पनीरही बंद केलं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावायची, हेही त्याच सुमारास ठरलं. २१ किलोमीटर, त्यातलं निम्मं अंतर यवतेश्वरचा घाट चढत.

पहिले दोन महिने अंग हलकं वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या. रविवारी १४ किलोमीटर झाले की मंगळवारपर्यंत पाय उचलत नसत. घरीदारी सगळ्यांचं एकच म्हणणं, "दूध सुरू कर."

मी स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. माझ्या वाटीभर वरणात कोरडी तूरडाळ किती जाते ते मोजलं, तर २० ग्रॅम. म्हणजे प्रथिनं जेमतेम साडेचार ग्रॅम. दिवसभराची बेरीज ४३ च्या पुढे जाईना. माझं वजन ६१ किलो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साध्या रोजच्या जगण्यालाच मला पन्नास हवीत. व्यायाम करणाऱ्यांना क्रीडा-आहारतज्ज्ञ किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात, म्हणजे कमीत कमी ८५. दोन पेले दूध, वाटीभर दही आणि पनीर यांतून जे मिळत होतं ते मी काढून घेतलं होतं आणि त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. चूक ती होती.

आता आमचं वरण भातावर ओघळत नाही इतकं घट्ट असतं. सकाळी अख्ख्या मुगाची धिरडी. डब्यात दोन वाट्या उसळ, पोळ्या तीनच्या दोन झाल्या. धावून आलं की मूठभर फुटाणे आणि गूळ. रात्री टोफू नाहीतर सोयाच्या वड्या. सप्टेंबरात घाट चढले. शेवटची दोन वळणं चालत गेले, ती यंदा धावत घ्यायची आहेत.

तुमच्यापैकी कोण कोण असं खाऊन पळतं, पोहतं, वजनं उचलतं, डोंगर चढतं? काय खाता, किती खाता, कुठे अडलात ते सविस्तर लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा, त्याचाही तेवढाच उपयोग होतो. कुठल्याही कंपनीच्या डब्याची जाहिरात मात्र नको.

लाल माती

ताई, मी कोल्हापूरचा. वयाच्या चौदाव्या वर्षापासून तालमीत. पहाटे जोर-बैठका, मग हौदा, म्हणजे आखाड्यातली माती, उकरायचा, मग लढत. आणि त्यानंतर थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी रात्रभर भिजवून दगडी कुंडीत दांडक्यानं घोटायची आणि वर म्हशीचं दूध. दूध-तुपाशिवाय पैलवान असतो हे आमच्या वस्तादांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला तालमीबाहेर काढलं असतं.

चाळिशी ओलांडली आणि दूध पचेना. पोट गच्च, झोप नाही. दोन वर्षं तसंच रेटलं. मग एक दिवस थंडाई पाण्यातच घोटली. पुढे बदामाबरोबर शेंगदाणे घालायला लागलो. मूठभर दाणे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून टरफलं काढायची आणि कुंडीत इतके घोटायचे की दांडका वर उचलला की पांढरी तार सुटली पाहिजे. पाणी घालून फडक्यातनं गाळलं की झालं दूध. चोथा टाकायचा नाही, भाकरीच्या पिठात मळायचा.

जेवणात ५० ग्रॅम सुक्या सोया वड्या, कांदा-लसूण चटणीच्या तांबड्या रश्श्यात. त्यात २६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आता कुस्ती लढत नाही, पण रोज दोनशे बैठका आहेत आणि पोरांना डाव शिकवतो. पंचविशीतल्या पैलवानानं हे करावं का, ते मी सांगणार नाही. त्याचा खुराक वेगळा, भूक वेगळी.

धागाकर्ती

दादा, शेंगदाण्याचं दूध तापवल्यावर फुटत नाही का?

लाल माती

मंद आचेवर ढवळत राहायचं. उकळी येऊ द्यायची नाही.

पायात मुंग्या

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सगळ्यांनी वाचावी असं फार वाटतं. बी-१२.

मी मुंबईत राहतो, आठवड्याला चार दिवस पोहतो. दूध सोडून तीन वर्षं झाली तेव्हा पायाच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या. वाटलं, बूट घट्ट असतील. मग नावं आठवेनाशी झाली. शेजारच्याचं नाव ओठावर यायचं आणि जायचं. तपासणीत बी-१२ निघालं १२४. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मुंग्या पूर्ण जायला आठ महिने लागले.

हे जीवनसत्त्व जीवाणू तयार करतात, ते डाळीत-भाजीत नसतं. मोड आलेल्या कडधान्यात असतं असं मला चार जणांनी सांगितलं होतं, ते खरं नाही. स्पिरुलिना नावाच्या शेवाळातलं बी-१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही. गोळी घ्यायला लागते, आणि ती कायमची. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही कमतरता सर्रास सापडते, तेव्हा तुम्हीही एकदा तपासून घ्या. मी हे आधी केलं असतं तर ते आठ महिने वाचले असते.

गोदाकाठ

नाशिकहून. माझी अडचण लोहाची. हिमोग्लोबिन १०.१, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९, दोन्ही कमी. दहा किलोमीटरला पूर्वी ६२ मिनिटं लागायची ती ७१ झाली, आणि मी वेड्यासारखा सराव वाढवत होते. पाळी असणाऱ्या आणि धावणाऱ्या बायकांनी दमले-दमले म्हणत न बसता आधी रक्त तपासावं.

सहा महिने गोळ्या घेतल्या. त्याशिवाय जेवणात तीन बदल केले. जेवणानंतरचा चहा बंद केला, आता तास-दीड तासाने पिते, कारण चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. उसळीवर, पालेभाजीवर लिंबू न चुकता पिळते. आणि आजीची बिडाची कढई माळ्यावरून काढली. गंज घासून, तेल लावून, दोन दिवस तापवून ती रुळवली. आता टोमॅटो-चिंचेच्या आमट्या तिच्यात होतात. आमटी थोडी काळपट दिसते, मुलं कुरकुरतात, पण खातात. बाजरीची भाकरी तर आहेच. काल ६३ मिनिटं लागली.

पेडर रोडचा चढ

छोटी सूचना. मोठ्या धावेच्या आदल्या रात्री राजमा-छोले-उसळ नको. मी खाल्ली होती, मुंबई मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी. पेडर रोडच्या चढाआधीच पोटात कळ आली आणि पुढचं सगळं चालत. आता आदल्या रात्री भात आणि मूगडाळ, पहाटे दोन केळी, वाटेत खजूर आणि मीठ घातलेलं कोकम सरबत. तंतुमय खाणं रोज हवं, त्या एका रात्री नको.

लोखंड

पुण्यात जिमला जातो, वय २६. पहिल्या ट्रेनरने सांगितलं होतं, "चिकन खाणार नसशील तर माझा वेळ घालवू नकोस." ते फार लागलं होतं. अमेरिकेचा धावपटू कार्ल लुईस १९९१ मध्ये टोकियोला ९.८६ सेकंदांत शंभर मीटर धावला, तेव्हा तो वनस्पतीजन्य आहारावर होता, हे मला तेव्हा माहीत असतं तर त्याला सांगितलं असतं.

डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचलायचं वजन, ७० वरून १३५ किलोवर आली, दोन वर्षांत. मटार-तांदळाची प्रोटीन पावडर एक चमचा आणि क्रिएटिन रोज ३ ग्रॅम. क्रिएटिन हे स्नायूंना जोर पुरवणारं द्रव्य मांसात असतं, आपल्या खाण्यात जवळजवळ नसतं. त्याची पावडर मात्र कारखान्यात रसायनांपासून बनते, प्राण्यांपासून नाही. किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

मेसचा डबा

मला नाही जमलं. वसतिगृहात राहते. मेसच्या आमटीत डाळ शोधावी लागते आणि खोलीत शेगडी लावायला बंदी. सात महिन्यांत पाच किलो उतरले, खो-खोच्या संघातून बाहेर बसायची वेळ आली. आता दही आणि ताक पुन्हा सुरू केलंय. मनाला अजून बोचतं. स्वतःचं स्वयंपाकघर होईल तेव्हा पुन्हा सुरू करणार आहे.

धागाकर्ती

अगं, बोचू देऊ नकोस. खोलीत फुटाणे, भाजलेले दाणे आणि सातूचं पीठ ठेवता येईल. सातू नुसत्या पाण्यात गूळ घालून कालवला तरी चालतो, शेगडी लागत नाही. पण आधी खेळायची ताकद येऊ दे.

आतकरवाडी

वय ६३. दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. वर गेलं की पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. म्हणजे पूर्वीपासून तेच खात होते, फक्त मडक्यातलं दही सोडायचं होतं. ते सोडायला सगळ्यात जड गेलं, अजून त्या मावशी "ताई, दही?" म्हणून विचारतात.

हाडांची काळजी या वयात करावीच लागते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रोज एक नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, डॉक्टरांनी दिलेली डी जीवनसत्त्वाची गोळी. आणि पाठपिशवीत दोन लिटर पाणी मुद्दाम भरून नेते, वजन घेऊन चढल्याने हाडं घट्ट राहतात. उतरताना काठी वापरते. गुडघ्यांना मान द्यावा.

फोंडा

आमच्या घरात रोज हुमण, म्हणजे माशांची आमटी. मी फुटबॉल खेळतो आणि मासे सोडले, तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी वेगळं तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटणातली कडधान्याची उसळ, केलं. आता आठवड्यातून दोनदा सगळं घर तेच खातं, बाबासुद्धा. शनिवारी सामना झाला की तोणाक, पाव आणि पेलाभर सोलकढी. नारळाच्या दुधाची सोलकढी कधीपासून आपल्याकडे आहेच.

गोदाकाठ

तोणाकाची कृती द्या ना.

फोंडा

अळसांदे रात्री भिजत घाला, सकाळी मीठ घालून मऊ शिजवा, अख्खे राहिले पाहिजेत. किसलेला नारळ आणि कांदा तेलावर तांबूस होईपर्यंत परता. धणे, सुक्या मिरच्या, मिरी, लवंग, दालचिनी वेगळी भाजा. सगळं हळद आणि चिंचेबरोबर बारीक वाटा. वाटण अळसांद्यांत घालून दहा मिनिटं उकळा. बटाट्याच्या फोडी घालायच्या तर अळसांद्यांबरोबरच शिजवा. अळसांदे मिळाले नाहीत तर मोठी चवळी चालेल. आई सांगते, पाणी बेताचं ठेवा, पाव बुडवला की रस धरला पाहिजे.