मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या टाकीला कोणता फिल्टर? रविवारच्या आत ठरवायचंय

तापीकाठ
नमस्कार मंडळी. भुसावळला राहतो. घरी खाऱ्या पाण्याची छोटी टाकी लावली आहे. दुकानदार म्हणतो कॅनिस्टर घ्या, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. व्हिडिओ बघावे तर सगळे स्किमरच्या, म्हणजे फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राच्या, मागे लागलेले. मित्राकडे मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टर पडून आहे, तो तसाच देतोय. तिघांपैकी कोणता? मामा रविवारी मुंबईहून मासे घेऊन येतोय, गाडीचं तिकीट काढून झालंय. गोड्या पाण्याचे मासे आठ वर्षं पाळलेत, म्हणून अगदी पहिल्यापासून नका सांगू. फक्त फिल्टर सांगा.

शहादेकर
भाऊ, पहिले हाई सांग, टाकी केवढी शे? मासे कोणते, किती? आत दगड आहेत का? पाणी कुठलं?

धुळे_अ‍ॅक्वा
कॅनिस्टरच. चार वर्षं वापरतोय. आवाज नाही, टेबलाखाली लपतो, आतल्या सिरॅमिक रिंगांवर बॅक्टेरिया भरपूर बसतात. जास्त विचार करू नका.

तापीकाठ
टाकी २ फूट बाय १ फूट, उंची सव्वा फूट. मासे दोन क्लाउन. दगड अजून घेतले नाहीत. पाणी घरचंच.

शहादेकर
म्हणजे सत्तर लिटर, खरं भरणार साठच्या आसपास. घरचंच म्हणजे नळाचं की बोअरचं? मीठ कोणतं टाकलं? टाकी लावून किती दिवस झाले?

केळीबाग_रावेर
माशांचं मला कळत नाही, पण पाणी गाळण्यात वीस वर्षं गेली. आमच्या ठिबकला आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा. दोन्ही बाजूंना प्रेशर गेज. आकड्यांत फरक पडला की बॅकवॉश. वाळूतून पाणी चांगलं स्वच्छ निघतं. छोटा वाळूचा फिल्टर बसवून बघा.

जळगाव_रीफ
केळीबाग भाऊ, वाळू गाळ अडवते. इथे मारतो तो अमोनिया, आणि तो पाण्यात विरघळलेला असतो. त्याला गाळता येत नाही, बॅक्टेरियाच खातात: अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तापीकाठ, म्हणून शहादेकरांचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. उत्तर द्या.

तापीकाठ
दहा दिवस झाले. बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८०० च्या आसपास. मीठ किराणा दुकानातलं जाडं. तेही समुद्राचंच ना? पण माझा प्रश्न फिल्टरचा होता.

मायेचं_घर
माझ्या गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते, मेथिलीन ब्लूने गेले. तुम्हीही आणून ठेवा.

जळगाव_रीफ
ताई, गोल्डफिशला वेगळ्या भांड्यात ठीक. मुख्य टाकीत ते टाकलं तर हेच बॅक्टेरिया मरू शकतात. तांब्याचं औषध त्याहून वाईट, ते दगडात मुरतं आणि पुढे शिंपले, कोळंबी काही टिकू देत नाही.

तापीकाठ, मिठाबद्दल. मिठागरात मीठ जमलं की उरलेलं कडू पाणी सोडून देतात, मॅग्नेशियम त्याच्यासोबत जातं. म्हणून जाड्या मिठाचं पाणी खारट झालं तरी समुद्राचं होत नाही. ते पाणी काढून टाका. मत्स्यालयाचं समुद्री मीठ घ्या, आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम, आणि घनता १.०२५ ला आणा. बोअरचं पाणी अजिबात नको.

आता फिल्टर. खऱ्या अर्थाने फिल्टर म्हणजे दगड आणि पाण्याचा प्रवाह. सात-आठ किलो सच्छिद्र दगड लावा, त्याच्या छिद्रांत हे बॅक्टेरिया राहतात. कोरडा किंवा सिरॅमिकचा घ्या, समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' नको, तो बहुधा प्रवाळाचाच असतो. आपल्याकडे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विकणारा हे सांगत नाही. एक छोटा वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवत ठेवणारा पंप, लावा. मग मित्राचा हँग-ऑन पुरतो. त्यात स्पंज आणि कार्बन ठेवा, स्पंज दर आठवड्याला टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवा.

धुळे_अ‍ॅक्वा
हँग-ऑनला मी खेळणं म्हणतो. कॅनिस्टरचं काय वाईट आहे ते सांगा.

जळगाव_रीफ
दोन गोष्टी. आत घाण साठली की नायट्रेट वाढत राहतं, म्हणून महिनोन्‌महिने न उघडता चालत नाही. दुसरी आपल्या भागाची: वीज जाते. बंद डब्यात ऑक्सिजन काही तासांत संपतो, बॅक्टेरिया मरतात, आणि वीज आली की तेच सडकं पाणी माशांवर येतं. माझे दोन मासे असेच गेले. मे महिना होता, वीज पाच तास नव्हती.

धुळे_अ‍ॅक्वा
मी इन्व्हर्टरवर चालवतो, म्हणून कधी अनुभव आला नाही. हे मान्य.

निंबोणी
स्किमर का सोडता? अमोनिया बनायच्या आधीच घाण फेसासोबत बाहेर काढणारं यंत्र आहे ते. पाण्यात हवाही मिसळते. खाऱ्या टाकीला स्किमर हवाच.

जळगाव_रीफ
स्किमर वाईट नाही. पण दोनच क्लाउन आणि दर आठवड्याला सात-आठ लिटर पाणी बदलणार असतील तर त्याच्याशिवाय चालतं. ते पैसे उन्हाळ्यासाठी ठेवा असं माझं म्हणणं. क्लाउनला २५-२६ अंश लागतं आणि आपल्याकडे बाहेर ४५ असतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, अमोनियाही जास्त विषारी होतो.

निंबोणी
मग ऑक्सिजनसाठीच स्किमर नको का? माझं मत बदललं नाही.

शहादेकर
उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. पण पाणी झपाट्याने उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून भर घालताना फक्त गोडं आरओचं पाणी, खारं नाही. मी कूलरचा फ्लोट बसवलाय, वरच्या कॅनमधून आपोआप भरतं. फ्लोट प्लास्टिकचाच घ्या. पितळेत तांबं असतं.

तापीकाठ
फ्लोटची गोष्ट माहीत नव्हती. माझ्याकडे पितळेचाच पडलाय.
पण मासे रविवारी येणार आहेत, त्याचं काय करू?

जळगाव_रीफ
थांबवा. बॅक्टेरियांची वस्ती बसेपर्यंत दुकानदाराकडेच राहू द्या.

तापीकाठ
मामाला फोन केला, नाराज झाला. तिकीट रद्द होणार नाही, तर येताना मीठ आणि टेस्ट किट घेऊन येतो म्हणाला. आज जुनं पाणी काढलं, टाकी धुतली. दगड जळगावहून आणतो. पहिल्या दिवसापासून अमोनियाचा आकडा इथे टाकत जाईन.

शहादेकर
नायट्राइटचाही टाका. अमोनिया उतरला की तो चढतो, तिथेच लोक घाई करून मासे सोडतात.

केळीबाग_रावेर
शहादेकर भाऊ, तो कूलरचा फ्लोट किती इंची नळीला बसतो? मला खताच्या टाकीला लावायचाय.