मदत हवी आहे: साईटवरचा कामगार ‘आता नको वाटतंय’ म्हणतो, तेव्हा मुकादमाला मध्ये न आणता काय करावे?

नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे उंच इमारतींच्या एका साईटवर मी सुरक्षा पर्यवेक्षक आहे. बिल्डरचे व ठेकेदाराचे नाव मुद्दाम देत नाही. आमच्याकडे सेंट्रिंगवाले झारखंड-बंगालचे, सळईवाले बिहारचे, तर गवंडी, प्लास्टरवाले आणि बिगारी बहुतेक मराठवाड्यातले आहेत. पट्टा, जाळी, हेल्मेट यांची विचारपूस करणारे आणि दंड लावणारे पुष्कळ आहेत. माणूस झोपला का, जेवला का, हे विचारण्याचा रकाना मात्र आमच्या कोणत्याही तपासणी-तक्त्यात नाही.

गेल्या आठवड्यात नांदेडकडच्या एका तरुण प्लास्टरवाल्याने आपला रेनकोट आणि मोबाईलचा चार्जर खोलीतल्या सोबत्याला देऊन टाकला आणि मुकादमाकडे पूर्ण हिशेब मागितला. तो सुट्टीवर चालला असेल, असेच सर्वांना वाटले. परंतु गावी जाणारा माणूस चार्जर मागे ठेवत नाही, एवढे त्या सोबत्याच्या लक्षात आले आणि तो रात्रीच माझ्याकडे आला. विचारल्यावर मुलाने सांगितले की बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली उचल (आगाऊ मजुरी) फिटत नाही, मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी आता नातेवाइकांना फोन करायला सुरुवात केली आहे, झोप लागत नाही आणि ‘आता नको वाटतंय’. सध्या तो कळव्याला थोरल्या भावाकडे आहे.

माझी खरी अडचण पुढची आहे. आमच्याकडे उंचीवर काम करायचे तर डॉक्टरांची तपासणी होऊन पास मिळतो. मुलाची अवस्था मी कागदावर आणली की त्याचा पास जाणार, पास गेला की तो बिगारीच्या हजेरीवर (रोजच्या मजुरीवर) येणार आणि हजेरी घटली की ज्या उचलीपायी हे सारे झाले ती फिटायला आणखी वेळ लागणार. कागदावर आणले नाही आणि तो पुन्हा परांचीवर चढला, तर जाणूनबुजून त्याला धोक्यात घातल्यासारखे होईल. हे गणित कामगारांना माझ्या आधी कळलेले असते, म्हणून कुणी तोंड उघडत नाही. शिवाय गाऱ्हाणे सांगायचे ते मुकादमाकडे, आणि बहुतेकांची उचल त्याच्याचकडची.

व्यवस्थापनापुढे मी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा ठेवला: २०२१ साली देशात नोंदल्या गेलेल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या होत्या. (शेतमजूर त्यात वेगळे मोजलेले आहेत, तरी हमालापासून गवंड्यापर्यंत सारे एकाच रकान्यात येतात, हे मी त्यांना सांगितले.) ‘हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न’ असे उत्तर मिळाले. तेव्हा अशा माणसाशी नेमके काय बोलावे, पासचे काय करावे आणि मुकादमाखेरीज कामगाराने कुणाकडे जावे, याबाबत जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद, वाशीहून

मी रुग्णालयात समाजसेविका आहे. पहिली गोष्ट, थेट विचारा. ‘जीव द्यावा असे मनात येते का? काही ठरवले आहे का?’ असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितले आहे. उलट बोलायला वाट मिळते. ‘हो, ठरवले आहे’ असे उत्तर आले तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो आणि तेथे मराठी, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांत बोलता येते. फोन लावून नुसता त्याच्या हातात देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसून राहा. पहिली दोन मिनिटे बहुतेक जण गप्पच असतात.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण रुग्णालय टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालत नाही. उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. त्याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, म्हणजे आजाराचे निदान ठेकेदाराला कळवण्याची गरज नाही. तुम्हाला डॉक्टरांकडून ‘काही काळ जमिनीवरचे काम द्यावे’ एवढीच चिठ्ठी पुरे.

पासबाबत माझे मत ठाम आहे. त्याला उंचीवरून खाली आणाच, कारण धोक्याच्या काळात घातक गोष्टींपासून माणसाला दूर ठेवणे हा प्रतिबंधाचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. मात्र हजेरी प्लास्टरवाल्याचीच राहू द्या. पाय मुरगळलेल्या कारागिराला तुम्ही खाली बसवून हलके काम देता तेव्हा त्याचा दर कापता का?

मुकादमाला पर्याय म्हणून ऑस्ट्रेलियातील ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’चे काम पाहण्यासारखे आहे. २००८ साली क्वीन्सलँडमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात कामगारांतूनच काहींना प्रशिक्षण देतात आणि त्यांच्या हेल्मेटवर ओळखीचे स्टिकर असते. त्यांनी समुपदेशन करायचे नसते. सोबत्याला सुरक्षित ठेवून मदतीपर्यंत पोहोचवायचे असते. तुमचा तो चार्जरवाला सोबती पहिला उमेदवार समजा. आणि एक जाता जाता: वर्षभरात ९० दिवस काम केलेल्यांची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या, व्यसनमुक्ती उपचारांसाठीही तेथे अर्थसाहाय्य आहे.

मूळ लेखक

आभारी आहे. भावाने त्याला काल कळव्याला दाखवले, औषधे सुरू झाली आहेत आणि चिठ्ठी मिळाली आहे. ठेकेदार जुनी हजेरी द्यायला तयार झाला आहे, पण फक्त महिनाअखेरपर्यंत आणि तीही तोंडी. आजारपणात दर न कापण्याची व उचलीची वसुली थांबवण्याची अट कुणी कामाच्या करारात लेखी घालून घेतली असल्यास त्यातील शब्दरचना कृपया येथे द्यावी. पुढच्या स्लॅबचा करार याच आठवड्यात व्हायचा आहे.