सल्ला हवा: 'अध्यात्म आणि डिजिटल संस्कृती' कलावर्गात कसं शिकवावं?

रंगारी_मास्तर: पहिल्या वर्षाच्या मुलांना हा विषय सहा तासिकांत शिकवायचा आहे. खर्चाला मंजुरी शून्य. मुलांकडे फोन आहेत आणि एक प्रोजेक्टर आहे, लहर लागली तर चालतो. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं, काही कुठलाच न मानणारी. नुसता इतिहास नको, हाताने काही करता यावं. काय सुचवाल?

निळीशाई: व्हिडिओ कलाकार नाम जून पाइकची 'टीव्ही बुद्ध' ही कलाकृती, १९७४. बुद्धाची मूर्ती, समोर टीव्ही आणि मूर्तीवर रोखलेला कॅमेरा. बुद्ध स्वतःलाच लाइव्ह बघत बसलाय. याला ध्यान म्हणायचं की सेल्फी, एवढ्यावर मुलं तासभर भांडतील.

कॅनव्हासवाला: व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचे, आभासी जग दाखवणारे) घ्या, निदान चार तरी. मी स्वतःसाठी घेतलाय, ध्यानाची अ‍ॅप्स अफलातून आहेत.

मातीचे_हात: अहो, वर शून्य लिहिलंय! आमच्या संस्थेत आणले होते हेडसेट. काहींना शांती मिळाली, बाकीच्यांना मळमळ. आता कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे ते विचारू नका.

चिकटपट्टी: मुळात अध्यात्म अभ्यासक्रमात हवंच कशाला?

निळीशाई: ते वगळलंत तर अमूर्त चित्रकला शिकवणार कशी? अमूर्त चित्रकार कांडिन्स्कीने १९११ साली कलेतल्या अध्यात्मावर पुस्तकच काढलं. स्वीडिश चित्रकार हिल्मा आफ क्लिंट त्याच्याही आधी, १९०६ पासून, मंदिरासाठीची चित्रमालिका रंगवत होती. आपले चित्रकार गायतोंडे झेन बौद्ध विचाराकडे ओढले गेले होते.

चिकटपट्टी: चित्रकाराने काय मानावं हा त्याचा प्रश्न. मास्तर मार्क कशाला देणार? जास्त शांत बसला त्याला जास्त?

खडूफळा: हा मुद्दा मात्र रास्त आहे. अनुभवाला मार्क देऊ नका. काम आणि त्यावर मुलाने लिहिलेलं टिपण, एवढंच तपासा. 'काहीच वाटलं नाही' हे उत्तरही चालेल असं पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर सगळे साक्षात्कार झाल्यासारखं लिहितात.
अवांतर: बाउहाउस या जर्मन कलाशाळेत योहानेस इटेन हा शिक्षक चित्रकलेच्या तासाआधी श्वासाचे व्यायाम घ्यायचा. १९२३ मध्ये तो गेला आणि यंत्रतंत्राचा भोक्ता मोहोली-नॉज आला. तुमचा अख्खा विषय त्या एका बदलीत आहे.

निळीशाई: इतकं सोपं नाही ते. कांडिन्स्की १९३३ पर्यंत तिथेच शिकवत होता.

खडूफळा: मी कुठे नाही म्हटलं?

विमानतळ_ते_गॅलरी: हिल्माचं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातलं प्रदर्शन (२०१८-१९) मी प्रत्यक्ष पाहिलंय. त्या मंदिरमालिकेतली 'दहा मोठी' चित्रं तीन मीटरहून उंच आहेत. फोनवर बघून काडीचं कळत नाही, मुलांना घेऊन जा एखाद्या मोठ्या संग्रहालयात.

मातीचे_हात: पुन्हा एकदा, शून्य. भिंतीवर खडूने तेवढा चौकोन आखा, शेजारी फोनवर तेच चित्र धरा. फरक कळायला विमान लागत नाही.

प्रकाशवेडी: फोन प्रोजेक्टरला जोडा आणि त्याचाच कॅमेरा भिंतीवरच्या चित्रावर रोखा. चित्रात चित्र, त्यात चित्र असा बोगदा तयार होतो. फोन किंचित फिरवला की चक्राकार नक्षी. खोलीत अंधार हवा. पैसे लागत नाहीत.

नवा_ब्रश: 'टीव्ही बुद्ध' कुणीच कसं सुचवलं नाही?

निळीशाई: 🙏

रंगारी_मास्तर: सगळ्यांचे आभार. मार्कांचं खडूफळांचं ऐकतोय, बाकी वेगळंच ठरवलंय. पडद्यावर काहीच दाखवणार नाही. मुलं एका हाताने नेहमीसारखं स्क्रोल करतील, दुसऱ्या हाताने अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीची कोळशाने रेघ ओढतील. मग दुसरा कागद: फोन बंद, प्रत्येक श्वासाला एक रेघ. कागदांवर नाव नाही आणि कुठला कशाचा तेही लिहायचं नाही. सगळे भिंतीवर लावू आणि ओळखायला सांगू. स्क्रीन रेकॉर्डिंग मुद्दाम टाळतोय, मुलांचे खाजगी मेसेज दिसतात.

चिकटपट्टी: म्हणजे श्वास आलाच शेवटी.

निळीशाई: आणि 'टीव्ही बुद्ध' दाखवणारच नाही?

रंगारी_मास्तर: दाखवला की पुढच्या तासाला निम्मा वर्ग मूर्ती आणि फोन घेऊन हजर. आधी रेघा होऊ देत.

प्रकाशवेडी: मग धागा काढलात कशाला?

कॅनव्हासवाला: हेडसेटचा प्रस्ताव तरी टाकून ठेवा. पुढल्या वर्षी कामाला येईल.