मनाली ते लेह, सायकलवर तंबू लादून : अनुभव धागा

सह्याद्रीत छत्र्या उघडतात तेव्हा लाहौल-लडाखचा उन्हाळा ऐन भरात असतो. रोहतांगवरून गेलं तर रस्ता साधारण 475 किलोमीटर. प्रवासवर्णनं आणि सूर्यास्त पुष्कळ वाचून झाले. इथे फक्त उपयोगाचं लिहा : काय न्यायचं, काय मोडतं, कुठे झोपायचं आणि का. स्वतःचं सामान स्वतः वाहिलेल्यांना आग्रहाचं आमंत्रण. नोंदीच्या वर आपलं गाव आणि विषय लिहा.

पुणे, मुक्कामांबद्दल

किलोमीटर मोजून आखणी केली की हा रस्ता अंगावर येतो. मुक्कामाची उंची मोजा. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर सरकू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस हलूच नये. नियम सोपा आहे, पण इथला भूगोल तो पाळू देत नाही. जिस्पा 3200 मीटरवर, सरचू 4290 वर आणि मध्ये 4890 चा बारालाचा ला (ला म्हणजे खिंड). मोटारवाले जिस्पाहून एका दिवसात सरचू गाठतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. सायकलला घाई नाही हाच तिचा फायदा. केलाँग किंवा जिस्पात दोन रात्री, मग पटसेव (सुमारे 3800), मग झिंगझिंगबार (4200 च्या वर), आणि मगच खिंड ओलांडून सरचू.

सरचूची खरी मेख वेगळी आहे. तिथून लेहकडे जा की मनालीकडे, दोन्ही बाजूंना खिंड आहे. म्हणजे त्रास वाढला आणि खाली उतरायचं ठरलं, तरी आधी वर चढावं लागतं. म्हणून निर्णय झिंगझिंगबारलाच घ्यायचा. डोकेदुखीच्या जोडीला मळमळ असेल, जेवण नकोसं झालं असेल, तर तिथून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, असंबद्ध बोलणं किंवा चालताना तोल जाणं दिसलं तर सकाळची वाट न बघता मिळेल त्या गाडीने खाली जिस्पाजवळच्या दार्चाकडे उतरायचं. ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी, प्रतिबंधासाठी सहसा 125 मिग्रॅ दिवसातून दोनदा) डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा.

नाशिक, सायकलबद्दल

सगळ्यात हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे दात) एकाच्या खाली हवा. पुढे 22 दात आणि मागे 34 असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम 1.35 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेरे धरले तर ताशी पाचेक किलोमीटर. 5000 मीटरवर सामानासह एवढाच वेग निभतो. पुढे 34 आणि मागे 32 असेल तर त्याच लयीला ताशी आठ लागतात. ते जमत नाही आणि माणूस उतरून ढकलायला लागतो.

मोडतात ते मागच्या चाकाचे स्पोक, तेही बहुतेक कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) बाजूचे. कारण तिथे ताण मुळात जास्त असतो आणि आपण सगळं वजन कॅरिअरवर टाकतो. मागचं चाक 36 स्पोकांचं घ्या, निघण्याआधी ताण सारखा करून घ्या, आणि चाळीसेक टक्के वजन पुढच्या पिशव्यांत न्या. मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या स्पोकांची लांबी वेगळी असते. दोन्हींचे तीन-तीन स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून ठेवा. कॅसेट काढायचं हत्यार नसेल तर ते स्पोक नुसते शोभेचे.

बाकी सुटे भाग : डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा, लेहला मिळेल या भरवशावर राहू नका), गिअरची आणि ब्रेकची एकेक केबल, ब्रेक पॅडचा जोड, चेनच्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), कॅरिअरचे एम-5 बोल्ट चार. खडबडीत रस्त्यावर हे बोल्ट आपोआप सुटतात. निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा आणि तरीही रोज सकाळी ॲलन कीने तपासा.

डोंबिवली, चुलीबद्दल

सरचूच्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही, तांदूळ टचटचीत राहतात, इंधन मात्र संपतं. म्हणून घरूनच भाजलेलं न्या : सातूचं पीठ, भाजलेला रवा, पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. गरम पाणी ओतून झाकलं की काम झालं.

गॅसची डबी विमानात आणि रेल्वेत चालत नाही, मनालीत शोधावी लागते. नुसत्या ब्युटेनची डबी पहाटेच्या थंडीत धाप टाकते. आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण घ्या, आणि डबी रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. पेट्रोलचा स्टोव्ह असेल तर केलाँगच्या आधीचा तांदीचा पंप सोडू नका, पुढचा पंप फार लांब आहे. तंबूची चेन लावून आत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीचीच वाटते.

बंगळूर, पाणी आणि वाऱ्याबद्दल

सरचू ते पांग हा सुमारे 80 किलोमीटरचा टप्पा सगळ्यात कठीण. गाटा लूप्सची 21 वळणं, नकी ला, उतार, पुन्हा चढून लाचुलुंग ला. वळणं सुरू होण्याआधी माणशी पाच लिटर भरून घ्या. एका वळणावर प्रवाशांनी भुतासाठी ठेवलेल्या बाटल्यांचा ढीग दिसेल. तो भुतालाच राहू द्या.

नाल्याचं पाणी गढूळ असतं. आधी भांड्यात निवळू द्या, नाहीतर फिल्टर तुंबतो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून तोही रात्री बॅगेत. क्लोरीनचे थेंब थंड पाण्यात सावकाश काम करतात, दुप्पट वेळ द्या.

नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी घोट्यावरून गुडघ्यावर येतं. बूट काढून सँडल घाला, पिशव्या वेगळ्या खेपेत न्या. नंतर चेन पुसून तेल द्या, नाहीतर गाळ तिला खाऊन टाकतो.

दुपारनंतर वारा उठतो आणि पांगच्या पुढच्या मूर मैदानात तो सायकल आडवी करतो. पांगहून पहाटेच निघा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. वाळूत खुंट्या धरत नाहीत, दोर मोठ्या दगडांना बांधा. झोपायची पिशवी उणे पाच अंशांची, आणि खालची चटई तितकीच महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून येते.

कोल्हापूर, जरा विरोधात

तंबू हवाच का? झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग, देब्रिंग इथे हंगामात पॅराशूटच्या कापडाचे ढाबे असतात. गादी, रजई, राजमा-भात मिळतो. तंबू, चूल, चटई मिळून पाच-सहा किलो वाचतात. फक्त सुट्टे पैसे न्या, तिथे ऑनलाइन काही चालत नाही. आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम बंद पडतं, पोस्टपेड घ्या.

पुणे, वरील मुद्द्यावर

सप्टेंबरच्या शेवटी हे ढाबे उठू लागतात. शिवाय सरचू-पांग एका दिवसात झालं नाही, तर नकी ला आणि लाचुलुंग ला यांच्या मधल्या व्हिस्की नाल्यापाशी थांबावं लागतं. तिथे ढाबा उघडा सापडेलच असं नाही. निदान हलका एकचादरी तंबू ठेवाच.

ठाणे, परतीबद्दल

लेहहून विमान असेल तर खोका आदल्या दिवशी सायकलच्या दुकानातून मागून घ्या. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांधा, पुढच्या फोर्कमध्ये लाकडी ठोकळा घाला, टायरमधली हवा कमी करा. पेट्रोलचा वास येणारा स्टोव्ह तपासणीत अडवतात, तो तिथेच कुणाला देऊन टाका.