मदत हवी आहे : डिस्क मरायच्या आत क्लोन कशानं करू?

मंडळी, खानापुरात आमच्या वाचनालयाचा जुना पीसीच सर्व्हर आहे. पावसाळ्यात इकडं लाईटचा काही नेम नाही. परवा तिसऱ्यांदा गेली नि डिस्क टकटक करायला लागली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) काल १६ होते, आज २४. बॅकअप मार्चमधला (त्यावरून बोलणी खाऊन झालीत).

डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) करणारं क्लोनझिला खराब सेक्टरवर अडकलं. आता सिस्टिमरेस्क्यूच्या (थेट पेनड्राईव्हवरून सुरू होणारी लाइव्ह लिनक्स) पेनड्राईव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा प्रोग्रॅम) लावणार. त्याची मॅप फाईल (कुठवर वाचून झालं याची नोंद) असली की काम राहिलं तिथूनच पुढं सुरू होतं, पण लाइव्ह सिस्टिम रॅममध्ये चालते, म्हणजे लाईट गेली की फाईलही गेली! ती दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवली तर चालेल ना?

आणि यूएसबी केबलनं पीसीशी बोलणारा, लिनक्सवर 'नट'ला (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) ओळखता येणारा यूपीएस बेळगावात कुणी घेतलाय का? मॉडेल सांगा.