प्रतिसाद: सरदार, पण आधी सावकार

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपातले सरदार पोरवयापासून छावणीतच वाढायचे. बहुतेकांचं खरं असेल, पण अम्ब्रोजिओ स्पिनोला याला सणसणीत अपवाद आहे. जन्म १५६९, जिनोआच्या गडगंज सावकारी घराण्यातला. तिशी उलटेपर्यंत लढाईचा अनुभव जवळपास शून्य. १६०२ मध्ये गडी स्वखर्चाने सुमारे ९,००० माणसं घेऊन डच बंडखोरांविरुद्ध स्पेनच्या बाजूने फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमचा भाग) उतरला. आपल्या भाषेत, बारगीर नव्हे तर शिलेदार, तोही नऊ हजारांचा!

डचांच्या ताब्यातल्या ऑस्टेंड बंदराला स्पेनने घातलेला वेढा तेव्हा रखडला होता. १६०३ मध्ये सूत्रं त्याच्याकडे आली आणि सप्टेंबर १६०४ मध्ये शहर पडलं. माझ्या मते यात डावपेचांइतकाच पैशाचा वाटा आहे. पगार थकला की स्पॅनिश फौज बंड करायची, आणि स्पिनोलाची बाजारात पत होती. राजाला कर्ज मिळेना तिथे याच्या शब्दावर मिळायचं.

पुढे १६२५ मध्ये ब्रेडा हे डच शहर. शहराची उपासमार करून घेतलेला विजय, पण शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिलं. स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझच्या या प्रसंगावरच्या चित्रात तो हरलेल्या सेनापतीच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. चित्रकाराने त्याला प्रत्यक्ष पाहिलंही होतं, १६२९ मध्ये दोघांनी इटलीचा प्रवास बरोबर केला.

शेवट मात्र वाईट. डचांशी तह करा, असं सांगत राहिल्याने स्पेनच्या राजाचा मुख्य मंत्री ओलिवारेस याच्याशी बिनसलं, घरची दौलत युद्धात आटली, आणि १६३० मध्ये इटलीतल्या कासालेचा वेढा चालू असतानाच तो गेला.